पहिला कप चुकलेल्याचा

“आक्का, पुसू का?”

चष्मेवाली ओलं फडकं हातात घेऊन पाटीसमोर उभी होती. फडक्यातून पाणी ठिबकत होतं आणि चष्म्यामागचे डोळेही फार कोरडे नव्हते.

“काय पुसतेस?”

“ही पाटी. दहाला मोठ्या बाई येतायत. सोबत तो सल्लागार. त्यांनी हे सगळं वाचलं तर?”

“वाचायलाच लिहिलंय ना?”

“आपल्यापुरतं हो! पाहुणे येणार म्हटल्यावर घरातला पसारा पलंगाखाली ढकलतोच की माणूस.”

“आणि पाहुणे पलंगावर टेकले की नेमका तोच बाहेर डोकावतो. राहू दे तसंच. जा, उशांचे अभ्रे मोज.”

चष्मेवाली गेली, पण फडकं तिथेच ठेवून गेली. आक्काचं मन बदललं तर हाताशी असावं म्हणून.

रुग्णालयाच्या तळघरातलं ते धुलाईघर. वर सहा मजले, चारशे खाटा, आणि त्या चारशे खाटांवरचं सगळं कापड रोज इथे उतरायचं आणि इथूनच चढायचं. चार मोठे ड्रम, वाफेच्या इस्त्र्या, लांबलचक टेबलं, आणि कानाशी येऊन बोलल्याशिवाय ऐकू येणार नाही असा आवाज. या आवाजात आक्काची तीस वर्षं गेली होती. आली तेव्हा ती चादरींच्या घड्या घालणारी एक मुलगी होती. आता केसांत चांदी आली होती आणि सहा महिन्यांपासून ती विभागाची प्रमुख होती. हंगामी प्रमुख.

‘हंगामी’ हा शब्द घरात फार चालायचा. नवरा म्हणायचा, “घरात तू कायमचीच प्रमुख, तिथे तरी हंगामी राहा. आम्हा गरिबांना तेवढाच दिलासा.” मुलगी म्हणायची, “आई, साहेब व्हायचं तर आवाज चढव.” त्यावर सासूबाई जपमाळ न थांबवता म्हणायच्या, “तिनं आवाज न चढवता मला सरळ केली. तुमच्या ऑफिसातल्यांची काय कथा!”

आज त्या हंगामीचा निकाल लागायचा होता. मोठ्या बाई, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य प्रशासक, स्वतः खाली येणार होत्या. आक्काला कायम करायचं की बाहेरून कुणी पदवीवाला आणायचा, ते आज ठरणार होतं. आणि खोटं कशाला बोला, आक्काला ती जागा हवी होती. हवी म्हणजे पोटातून हवी होती. खुर्चीची हौस थोडी होतीच, कुणाला नसते? पण खरं कारण ती पाटी होती. दुसरा कुणी आला, की पहिल्या दिवशी ती पाटी उलटी करणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पाटीला दोन बाजू होत्या. मागची बाजू जुनी, तेलाच्या रंगात रंगवलेली: ‘चूकविरहित दिवस – २१४’. पुढची बाजू सहा महिन्यांतली, खडूने लिहिलेली. कुणाचं नाव नाही, फक्त चुका.

‘डॉक्टरांच्या कोटाच्या खिशात पेन राहिलं. कोट निळा झाला. पेन अजून चालतंय.’

‘साबण दोनदा टाकला. फेस दारापर्यंत आला.’

‘अभ्रे पन्नास सांगून अठ्ठेचाळीस बांधले. गप्पा मारत होते.’

‘इस्त्री खाली ठेवून शिंकलो. चादर गेली.’

आता ही पाटी कशी आली, ते सांगायचं तर तीस वर्षं मागे जायला हवं. पळसाला पाने तीनच, तसे आक्काने साहेबही तीनच पाहिले.

पहिला होता मुकादम. त्याला सगळे ‘भोंगा’ म्हणायचे. चारही ड्रम सुरू असताना त्याचा आवाज वरच्या मजल्यावर जायचा. “चूक सापडली तर सोलून काढीन,” हे त्याचे सकाळचे नमस्कार-चमत्कार. परिणाम असा, की चुका सापडतच नसत. होत नसत असं नाही. सापडत नसत. जळकी चादर गठ्ठ्याच्या मधोमध घालायची, आणि गठ्ठा वर पाठवून मूग गिळून बसायचं, हे आक्काला पहिल्याच आठवड्यात शिकवण्यात आलं होतं.

भोंगा निवृत्त झाला आणि खुलासेसाहेब आले. हे कधी ओरडले नाहीत. घशातून नव्हे, कागदातून बोलायचे. चूक झाली की तीन प्रतींत लेखी खुलासा. लोक हळूहळू खुलाशात तरबेज झाले. ‘यंत्र जुने, पाणी जड व हवा दमट असल्याने’ ही सुरुवात सगळ्यांना पाठ होती. एकाने तर भर उन्हाळ्यात हवा दमट लिहिली होती आणि साहेबांनी ती मान्यही केली. व्याकरण शुद्ध होतं ना!

मग आले हसरेसाहेब. तरुण, पायात पळायचे बूट. आल्या आल्या म्हणाले, “इथे कुणी साहेब नाही. आपण सगळे एक कुटुंब. मला नावाने हाक मारा.” नावाने हाक मारायची कुणाची छाती होईना, आणि ‘साहेब’ म्हणायची तर बंदी. मग घडी विभागातल्या बायकांनी मधला मार्ग काढला आणि त्यांना ‘अहो’ म्हणायला लागल्या. “अहो, जरा बघता का?” “अहो, जेवलात का?” पंधरा दिवसांत त्यांनीच हात जोडले, “साहेब म्हणा बाई!” माणूस वाईट नव्हता. पण त्यांनीच ती ‘चूकविरहित दिवस’ची पाटी लावली. रोज आकडा वाढला की टाळ्या. आता एवढ्या टाळ्यांच्या मध्ये उठून कोण म्हणणार, की माझ्याकडून काल चादर फाटली? कुटुंबाचा आकडा कोण शून्यावर आणणार?

म्हणजे एकाने भीती घातली, दुसऱ्याने कागद घातला, तिसऱ्याने टाळ्या वाजवल्या. जळकी चादर मात्र तिन्ही राज्यांत गठ्ठ्याच्या मधोमधच जात राहिली.

हसरेसाहेब वरच्या मजल्यावर बढतीवर गेले आणि किल्ल्या आक्काच्या हातात आल्या. पहिल्या सकाळी चहाच्या वेळी सगळे तिच्याकडे बघत होते. आता ही ओरडणार, लिहिणार की हसणार? आक्काने किटलीतून एक कप भरला आणि म्हणाली, “मी एक चूक सांगते. सत्तावीस वर्षांपूर्वीची आहे, पण अजून शिळी झाली नाही.”

भोंग्याच्या काळात तिला चादरीत गुंडाळलेली शस्त्रक्रियेची कात्री सापडली होती. वर द्यायला जावं तर ‘तूच घेतली असशील’ म्हणून ओरडा बसेल, या भीतीने तिने ती मोरीत ढकलली. मोरी तुंबली. तळघरात घोटाभर पाणी साचलं. आळ आला झाडूवाल्या मावशींवर. त्यांना काढून टाकलं. “मी तिथेच उभी होते,” आक्का म्हणाली. “त्या पदराने डोळे पुसत गेल्या आणि मी चादरींच्या घड्या घालत राहिले. पुढे शोधायला गेले, तर घर सोडून गेल्या होत्या.”

मग ती तो कप स्वतःच प्यायली आणि म्हणाली, “आजपासून जो आपली चूक सांगेल, त्याला पहिला कप. गरम, वरचा.”

तीन दिवस कुणी तोंड उघडलं नाही. चौथ्या दिवशी चष्मेवालीने हात वर केला. “मी... ते निळ्या कोटाचं... पेन...” आणि सगळं धुलाईघर ड्रमच्या वर आवाज काढून हसलं. त्या दिवशी पाटी उलटी झाली.

पण एक माणूस सहा महिन्यांत एकदाही बोलला नव्हता. दादा.

दादा निवडणीच्या टेबलावर होते. वरून आलेल्या पिशव्यांची निवड करणं हे तिथलं सगळ्यात जबाबदारीचं काम. लाल पिशव्या साथीच्या आजारांच्या वॉर्डातल्या. त्यांना वेगळा ड्रम, उकळतं पाणी, जहाल औषध. पांढऱ्या पिशव्या बाकीच्यांच्या. त्यांना साधी धुलाई. अडतीस वर्षं दादांनी ही निवड केली होती. आक्काला पहिली घडी त्यांनीच शिकवली होती. ते चूक सांगत नव्हते, कारण त्यांच्याकडून चूक होतच नाही, असं सगळे मानत. दादाही.

साडेनऊ वाजले. आक्का इस्त्र्यांकडे निघाली होती, तेवढ्यात दादांनी तिला हाताने थांबवलं.

“पोरी, जरा कोपऱ्यात ये.”

त्यांच्या हातात एक रिकामी पिशवी होती. पांढरी. दादांनी ती उलटी केली. आतली शिवण लालभडक होती.

आक्काला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. कापडाबरोबर पिशव्याही धुतल्या जायच्या. इतक्या वर्षांत धुऊन धुऊन या पिशवीचा रंग उडाला होता.

“काल संध्याकाळची,” दादा म्हणाले. “मी पांढऱ्यांत टाकली. साथीच्या वॉर्डातलं कापड साध्या धुलाईत गेलं.”

“बरोबर काय होतं ड्रममध्ये?”

दादांनी खाली बघितलं. “नवजात बाळांच्या चादरी. सकाळी सातला वर गेल्या.”

ड्रम फिरत होते. आक्काला वाटलं, आपल्या डोक्यातच फिरतायत.

“नीट बघितलं तर गुलाबीसर झाक आहे की हिला,” ती म्हणाली. “तुम्हाला दिसलं नाही?”

“नाही.” दादांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “दोनेक महिने नीट दिसतच नाहीये, पोरी. बोटांनी चालवत होतो. आत्ता रिकाम्या पिशव्या रचताना हिची आतली शिवण हाताला लाल पिशवीसारखी जाड लागली, तेव्हा उजेडात नेऊन बघितली.”

आक्का फोनकडे वळली. दादांनी तिचा दंड धरला.

“थांब. दहाला ते लोक येतायत. अर्धा तास राहिलाय. आत्ता फोन केलास तर बाळांच्या वॉर्डातून सगळ्या चादरी खाली येणार, बोंबाबोंब होणार, त्यांच्या डोळ्यांदेखत. तुझी जागा जाईल. दोन तास कळ काढ. ते गेले की मी स्वतः वर जाऊन हळूच बदलून येतो. कुणाला कळणार नाही.”

“झाकली मूठ?” आक्का म्हणाली.

“सव्वा लाखाची,” दादा म्हणाले. “तुझ्यासाठी सांगतोय. माझं काय, माझे दिवस भरलेच.”

तिने रिसीव्हर उचलला, पण नंबर फिरवला नाही. दोन तास. काय होतं दोन तासांत? कदाचित काहीच नाही. चादर साबणातून तर गेलीच होती. आणि दोन तास गप्प बसलं, तर पुढची सात-आठ वर्षं ही पाटी अशीच राहील. हिशेब सरळ होता. इतका सरळ, की तिला त्याचीच भीती वाटली. भोंग्याच्या राज्यात ती कात्री मोरीत ढकलतानाही हिशेब असाच सरळ होता.

तिने नंबर फिरवला.

“सिस्टर, धुलाईघरातून बोलतेय. सकाळी आलेल्या सगळ्या चादरी आत्ताच्या आत्ता काढा. बाळांना कपाटातल्या आधीच्या चादरींवर ठेवा. आमच्याकडून चूक झालीय. हो, खरीच. मी ट्रॉली पाठवते.”

पलीकडून जे आलं, ते तिने रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरून ऐकलं. मग फोन ठेवला, किटलीकडे गेली, कप भरला आणि दादांसमोर धरला.

“ही काय वेळ आहे का?” दादा म्हणाले.

“नियम म्हणजे नियम. गरम आहे, फुंकून प्या.”

आणि मग ती ओरडली. सहा महिन्यांत पहिल्यांदा, भोंग्याला लाजवेल अशी. “तीन नंबरचा ड्रम रिकामा करा! पाणी उकळत ठेवा! चष्मेवाली, ट्रॉली घेऊन वर पळ!”

दहाला पाच कमी असताना मोठ्या बाई आल्या. त्यांच्या मागे सल्लागार. हातात चकचकीत फाइल, बुटांना साबणाचं पाणी लागू नये म्हणून टाचांवर चालत होता. आणि त्यांच्या अगदी मागोमाग, कोंबलेल्या चादरींची ट्रॉली स्वतः ढकलत, बाळांच्या वॉर्डातल्या सिस्टर. चष्मेवाली त्यांच्या मागे धापा टाकत.

“हे काय चाललंय?” मोठ्या बाईंनी विचारलं.

आक्काने सांगितलं. एका दमात, काही न गाळता. पिशवी, शिवण, ड्रम, वेळ.

सल्लागाराच्या चेहऱ्यावर, माणसाला आयता पुरावा मिळाल्यावर जी करुणा येते, ती आली. “बाई, मी अहवालात हेच म्हटलंय. आकडे बोलतात. आधीच्या साहेबांच्या काळात सलग दोनशे चौदा दिवस शून्य चुका. यांच्या सहा महिन्यांत...” त्याने पाटीकडे बोट केलं, “एकशे बेचाळीस. हा विभाग आहे की चुकांचं प्रदर्शन? इथे कणखर माणूस हवा.”

“कुणाची चूक ही?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“विभागाची,” आक्का म्हणाली. “म्हणजे माझी.”

“तिची नाही.” दादा पुढे आले. कप अजून हातात होता. “डोळे माझे, चूक माझी.”

“तुमच्या एकट्याची कशी?” चष्मेवाली मध्येच बोलली आणि बोलून घाबरली. पण आता उचलली जीभ परत ठेवता येत नव्हती. “पिशव्यांचा रंग उडतोय, हे आम्ही सगळ्यांनीच बघितलं होतं. रोज बघत होतो ना, त्यामुळे दिसलंच नाही.”

इतका वेळ सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आता त्या सल्लागाराकडे वळल्या.

“मी इथे भांडायला आले होते,” त्या म्हणाल्या. “बारा बाळं उचलून ठेवली मी आत्ता, बाराच्या बारा रडतायत. भांडणार आहेच मी, आक्का, सोडणार नाही तुम्हाला. पण आधी यांना एक विचारते. आकडे बोलतात म्हणता ना तुम्ही? त्या दोनशे चौदा दिवसांत मला बाळाच्या चादरीत सुई सापडली होती. तेव्हा तुमचे आकडे का गप्प बसले?”

सल्लागाराने फाइल चाळली. सुई फाइलमध्ये नव्हती.

“खाली फोन केला तर उत्तर आलं, आमच्याकडे चुका होत नाहीत, तुमच्याच वॉर्डातली असेल. अठरा वर्षं मी या तळघराला फोन करतेय. आज पहिल्यांदा तळघराने मला फोन केला. मी विचारायच्या आधी.” सिस्टरांनी ट्रॉली तीन नंबरच्या ड्रमकडे ढकलली. “बाळांपैकी कुणाला काही झालेलं नाही. मोठे डॉक्टर आठवडाभर लक्ष ठेवणार आहेत. कशावर लक्ष ठेवायचं ते कळलं, म्हणून ठेवता येतंय.”

मोठ्या बाई पाटीजवळ गेल्या. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. शिंकेपाशी त्यांचे ओठ हलले.

“या पिशव्यांचं पुढे काय करणार?” त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं. “नवीन मागवल्या तरी रंग पुन्हा उडणार.”

आक्का बोलायला गेली, पण थांबली. तिने दादांकडे बघितलं.

दादांनी घसा साफ केला. “साथीच्या वॉर्डाच्या पिशवीला दोरीची दुहेरी गाठ शिवून टाकायची, बाई. कायमची. हाताला लागली पाहिजे. रंग उडतो. गाठ उडत नाही.”

“अहवालात आहे हे?” मोठ्या बाईंनी सल्लागाराला विचारलं. त्याने फाइल मिटली.

मोठ्या बाईंनी खडू उचलला. शेवटच्या ओळीखाली, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात, त्यांनी लिहिलं: ‘चांगल्या माणसाला सहा महिने हंगामी ठेवलं.’

खडूची धूळ झटकत त्या वळल्या. “पत्र दुपारपर्यंत येईल. एकशे त्रेचाळीस झाल्या का आता?”

“चव्वेचाळीस,” आक्का म्हणाली. “आजची आमची अजून लिहायची आहे.” तिचा आवाज थोडा चिरकला, पण ड्रमच्या आवाजात तो फक्त तिलाच ऐकू आला.

“बाई,” चष्मेवाली म्हणाली, “मग कप तुमचा. साखर चालते ना?”

तळघरात असं हसू कधी उसळलं नव्हतं. सल्लागारालाही कप मिळाला. शेवटचा, तळाचा, गाळाचा. तो त्याने निमूटपणे संपवला. सिस्टरांनी ठरल्याप्रमाणे दहा मिनिटं भांडून घेतलं, आणि जाताना उकळून निघालेल्या पहिल्या चादरी स्वतः नाकाला लावून बघितल्या.

दुपारी पत्र आलं. आक्काने ते वाचलं, एप्रनच्या खिशात घातलं आणि आधी नेत्रविभागाला फोन करून दादांसाठी दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. मग निवडणीच्या टेबलापाशी गेली. दादांनी आपला टेबलाखालचा डबा, छत्री आणि जुना स्वेटर काढून आधीच स्टुलावर ठेवला होता. त्यांच्या जागी चष्मेवाली त्या टेबलामागे अवघडून उभी होती, परक्याच्या देवघरात उभं राहावं तशी.

“अडतीस वर्षं,” दादा म्हणाले. टेबलाच्या कडेवरून त्यांनी एकदा हात फिरवला. “डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, दिसायला लागलं, तर परत येता येईल इथे?”

“दिसायला लागलं तर येता येईल. नाही लागलं तर नाही,” आक्का म्हणाली. खोटा धीर तिने दिला नाही. त्यांनी तो घेतलाही नसता.

“बरं. तोवर काय, घरी बसू?”

“घरी कशाला? माझी घडीची जोडीदारीण आज वर ट्रॉलीवर गेलीय. मोठ्या चादरी एकटीने होत नाहीत.”

“तू आता प्रमुख. तू घड्या घालणार?”

“दोनशे पडल्यात. प्रमुखाच्या सहीने त्या घडीत येत नाहीत.”

टेबलावर वाफाळलेल्या चादरींचा ढीग होता. तिने एक उचलली आणि दोन टोकं त्यांच्या हातात दिली. दोघं मागे सरकत गेले, चादर मधे ताणली गेली, एकदा झटकली. मग ते एकमेकांकडे चालत आले. दादा तिच्याकडे बघत नव्हते, चादरीकडेही नाही. त्यांची नजर कुठेतरी वर, धुरकट झरोक्याकडे होती. मध्यावर त्यांची बोटं तिच्या बोटांना लागली, टोकांवर टोकं आली.

आक्काने कड तपासली. अचूक होती.